फ्लूचे मृत्यू ८० हजार की ५२ हजार? आकडा बदलला म्हणजे तो खोटा होता का?

अमेरिकेत २०१७-१८ चा फ्लूचा हंगाम फार वाईट गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचं सांगितलं. पुढे हा आकडा ६१ हजारांवर आला, मग ५२ हजारांवर. असं झालं की 'आधी फुगवून सांगितलं' अशा पोस्ट फिरतात. पण मुळात ही मोजणी नव्हतीच, तो अंदाज होता.

थेट मोजत का नाहीत?

समजा, ७५ वर्षांच्या आजोबांना फ्लू झाला. आठवड्याभराने न्यूमोनिया किंवा हार्ट अटॅकमुळे ते गेले. तोवर टेस्टमध्ये विषाणू सापडेलच असं नाही, अनेकदा टेस्टच होत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर फ्लूचं नाव येत नाही.

मग अंदाज कसा काढतात?

अमेरिकेच्या सुमारे ९ टक्के लोकसंख्येच्या भागातली ठरावीक हॉस्पिटल्स फ्लूचे दाखल रुग्ण वयोगटानुसार नोंदवतात. किती जणांची टेस्ट झालीच नाही आणि टेस्ट किती वेळा चुकते, हे धरून आकडा वाढवला जातो. मग तो देशाच्या लोकसंख्येला लावतात आणि त्यावरून मृत्यूंचा अंदाज काढतात. टेस्ट आणि मृत्यूंची पक्की माहिती उशिरा येते, म्हणून आकडा सुधारतो.

वयोगट का महत्त्वाचा?

नेहमीच्या फ्लूमध्ये ७० ते ८५ टक्के मृत्यू ६५ वर्षांवरच्यांचे असतात. २००९ च्या स्वाइन फ्लूने हे गणित उलटं केलं. भारतात त्याचा पहिला बळी पुण्यातली एक शाळकरी मुलगी होती. जगभरात लॅबमध्ये सिद्ध झालेले मृत्यू सुमारे १८,५०० होते. २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासाचा पहिल्या वर्षासाठीचा अंदाज मात्र सुमारे २ लाख ८४ हजारांचा होता आणि त्यातले ८० टक्के लोक ६५ वर्षांखालचे होते.

लस आधी कुणाला द्यायची, हे अशाच अंदाजांवरून ठरतं. फक्त सिद्ध झालेले मृत्यू धरले, तर ज्यांची टेस्टच झाली नाही ते हिशेबातून गायब होतात.

त्यामुळे फ्लूचा आकडा शेअर करण्याआधी दोन गोष्टी बघा: तो लॅबमध्ये सिद्ध झालेल्या मृत्यूंचा आहे की अंदाज? आणि कोणत्या वयोगटाचा?