धमन्यांचे गणित संगणकाकडे, पण मुळशीच्या रुग्णाला स्कॅन कुठे?

हृदयाच्या धमनीतील अडथळा किती गंभीर आहे हे ठरविण्यासाठी दरवेळी मनगटातून वा मांडीतून नळी घालण्याची गरज आता उरलेली नाही. सीटी अँजिओग्राफीच्या प्रतिमांवरून संगणक धमनीची त्रिमितीय प्रतिकृती उभारतो आणि अरुंद जागेपलीकडे रक्तदाब किती घटतो, याचे गणित मांडतो. पलीकडच्या दाबाचे अलीकडच्या दाबाशी गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी आले, तर अडथळा दखलपात्र मानला जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. चित्रात अर्धीअधिक बंद दिसणारी धमनीही पुष्कळदा पुरेसे रक्त वाहू देत असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फेम' चाचणीत नळीने दाब मोजून स्टेंटचा निर्णय घेतल्यावर मृत्यू, झटका वा पुन्हा करावे लागणारे उपचार यांचे वर्षभरातील एकत्रित प्रमाण १८.३ वरून १३.२ टक्क्यांवर आले. केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींना मर्यादा घातली; पण स्वस्त झालेला स्टेंट गरजेचा होता का, हे किमतीवरून कळत नाही.

मुळशी तालुक्यात या तंत्राची दोन्ही टोके दिसतात. पूर्वेला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान, पश्चिमेला ताम्हिणी घाटालगतच्या वाड्या. सीटी अँजिओग्राफीसाठी वेगवान यंत्र, शिरेतून द्यावयाचे औषध आणि नाडी मंद करण्याची तयारी लागते. त्यासाठी घाटाकडच्या रुग्णाला शहराचीच वाट धरावी लागते. प्रतिमा हलली किंवा धमनीत कॅल्शियम फार साचले असेल, तर संगणकाचे गणितही डळमळते.

नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांत सुमारे ५९ व्या वर्षी येत असल्याचे आढळले होते. म्हणजे घरातला कमावता माणूसच सापडतो.

तथापि ही तपासणी स्थिर स्वरूपाच्या छातीदुखीसाठी आहे, हे जाहिरातींच्या गर्दीत विसरले जाते. मध्यरात्री छातीत कळ आलेल्या शेतकऱ्याला तिचा उपयोग नाही. त्याला हवा असतो जवळच्या केंद्रात तत्काळ काढलेला ईसीजी, गुठळी विरघळविणारे इंजेक्शन आणि वेळेवर पोहोचणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका.