केंद्र वाचले, कामगारांचे काय?

नागपूरजवळ बुटीबोरीचे विदर्भ इंडस्ट्रीज पॉवरचे ६०० मेगावॅटचे वीज केंद्र २०१९ पासून बंद होते. २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली आणि जुलै २०२५ मध्ये अदानी पॉवरने ती सुमारे ४,००० कोटींना घेतली. केंद्र भंगारात गेले नाही, हे बरेच झाले. पण अशा व्यवहारात कामगाराला विचारतो कोण?

२०१६ च्या या कायद्यात खरेदीदाराची योजना पसंत करते ती कर्ज देणाऱ्यांची समिती. पगार थकलेल्या कामगाराला तिथे मत नाही. मालमत्ता मोडीत काढायची झाली, तर त्याची २४ महिन्यांची थकबाकी तारण धरलेल्या बँकांच्या बरोबरीने धरतात खरी. पण ठेकेदाराचा गडी कंपनीच्या हजेरीपटावरच नसतो. शिवाय बंद फाटकापाशी सहा वर्षं कोण बसून राहील? जो तो पोटामागे पांगतो. आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही, दुसरबीडचा जिजामाता कारखाना आपल्या डोळ्यांसमोर आहे.

आमचे म्हणणे असे की, योजना मंजूर होतानाच जुन्या कामगारांना, ठेक्यावरच्यांसह, आधी कामावर बोलावण्याची अट लेखी घालावी. तोंडी वायदा नको. थकलेल्या ऊसबिलाचे वायदे ऐकलेल्यांना ते वेगळे सांगायला नको.