जेटस्की बंद पडली? आधी कान द्या!

वीकेंडला तारकर्ली, नागाव, नाहीतर थेट कलंगुट. बीचवर गेलो आणि जेटस्कीवर बसलो नाही, तर ऑफिसात सोमवारी सांगणार काय? (जेटस्की हे खरं तर कावासाकीचं ब्रँडनेम, १९७३ पासूनचं. पण प्रत्येक फोटोकॉपी जशी आपल्यासाठी झेरॉक्स, तशी पाण्यावरची प्रत्येक स्कूटर जेटस्की!)

आता कल्पना करा. तुम्ही फुल स्पीडमध्ये आणि इंजिन एकदम गप्प. ‘चालू कशी करायची’ हा प्रश्न नंतरचा. आधी हे माहीत हवं की जेटस्कीला सुकाणू नसतं. मागच्या नळीतून पाण्याचा झोत बाहेर पडतो, हँडल फिरवलं की ती नळी वळते, म्हणून गाडी वळते. इंजिन बंद म्हणजे झोत बंद, आणि हँडल निव्वळ शोभेची वस्तू! वेग मात्र लगेच जात नाही. समोर बनाना बोट असेल तर तुम्ही सरळ तिच्यावरच जाणार. घाबरून थ्रॉटल सोडला तरी हाच प्रकार. त्यामुळे पुढे भरपूर मोकळं पाणी ठेवणं, हाच काय तो ब्रेक.

बरं, थांबलात. आता आठवा, बंद पडताना आवाज कसा झाला?

पंख्याचं बटण दाबावं तसं खट्कन बंद? मग मामला बहुतेक विजेचा. मालवणात जेटस्की चालवणाऱ्या एका काकांचा फंडा सोपा होता, ‘‘आदी दोरी बग, मगे इंजिन.’’ मनगटाला नाहीतर लाइफ जॅकेटला अडकवलेल्या दोरीची क्लिप निसटली की इंजिन थांबतं. तुम्ही पडलात तर गाडी एकटी पळून जाऊ नये म्हणून ती सोय. क्लिप घट्ट बसवा, काम झालं. क्लिप जागेवर आहे, गाडी गार झाल्यावर निमूट चालू होते आणि तापली की पुन्हा बंद? मग इग्निशन कॉइल किंवा स्टेटरवर संशय. ते काम मेकॅनिकचं.

आचके देत, खोकत बंद पडली तर पेट्रोल. जुन्या टू-स्ट्रोक मॉडेल्सना बाबांच्या चेतकसारखाच रिझर्व्हचा नॉब असतो, तो फिरवून बघा. पावसाळ्यात या गाड्या उभ्याच असतात, टाकीत जुनं पेट्रोल तसंच. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. पुरेसं पाणी शोषलं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टाकीतली नळी उपसते तो नेमका तळच. सीझनच्या सुरुवातीला गाड्या खोकतात, त्यामागे हे एक मोठं कारण.

तिसरा प्रकार खरा डेंजर. इंजिन जड झालं, ताकद गेली, बझर वाजला आणि मग थांबलं. इथे स्टार्ट बटणाला हातही लावू नका! इंजिन गार ठेवणारं पाणी त्याच जेट पंपातून येतं. पंपात प्लास्टिकची पिशवी अडकली की गाडी नुसती गुरगुरते, पुढे सरकत नाही आणि तापत जाते. (पिशवी काढायला हात घालायचा तो इंजिन बंद करून, दोरीची क्लिप काढूनच.) दुसरं कारण ऑइल. आरएक्स १०० वाल्यांना सांगायला नको, टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. ५०:१ च्या मिश्रणाला लिटरमागे २० मिली. तेही मिळालं नाही की पिस्टन सिलिंडरला चिकटतो. अशा वेळी चार-पाचदा स्टार्टर मारला की किरकोळ दुरुस्तीचं अख्खं इंजिन खोलायचं काम होतं, आणि भाड्याची गाडी असेल तर किनाऱ्यावर बिलावरून जो राडा होतो तो विचारू नका.

उलटली तर? मागच्या बाजूला कुठल्या दिशेने सरळ करायची ते दाखवणारा स्टिकर असतो. उलट्या दिशेने फिरवलीत तर पाणी इंजिनात जाऊ शकतं. तसं झालंच, तर प्लग काढून ते पाणी त्याच दिवशी बाहेर काढावं लागतं, कारण खारं पाणी बेअरिंगला रात्रभरसुद्धा सोडत नाही.

आणि काहीही झालं तरी गाडी सोडून पोहत निघू नका. किनारा दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि तुमच्या डोक्यापेक्षा तरंगणारी पिवळी जेटस्की शोधणाऱ्याला लवकर दिसते. लाइफ जॅकेटला शिट्टी आहे की नाही, हे पैसे देण्याआधी बघायचं. दोरीची क्लिप आणि रिझर्व्हचा नॉब कुठे आहे तेही तेव्हाच विचारा. भाडेवाला वैतागेल, वैतागू दे!