इव्हिनिंग शिफ्ट

गेल्या ऑगस्टमध्ये बॉसने विचारलं, ‘वीकेंडला काय प्लॅन?’ मी म्हटलं, ‘शेतात बॅक्टेरिया फवारायला चाललोय.’ त्याने आधी हाताला सॅनिटायझर लावलं, मग रजा मंजूर केली.

हसू नका. कर्जतजवळ आमच्या काकांची भातशेती आहे. पावसाळ्यात ट्रेकला जाताना लोकलच्या खिडकीतून आपण ज्याला ‘वॉव, ग्रीनरी’ म्हणतो ना, तीच. त्याच्या आदल्या वर्षी याच ग्रीनरीत काका चक्कर येऊन पडले. पाठीवर कीटकनाशकाचा पंप, तोंडाला नुसता पंचा आणि समोरून वारा. दोन दिवस सलाइनवर होते. घरी आल्यावर काकू एवढंच म्हणाली, ‘आता तो पंप भंगारात.’ पण पंप भंगारात दिला म्हणून अळ्या थोड्याच लाजून निघून जाणार?

मग मी अभ्यासाला लागलो आणि सापडला बॅसिलस थुरिंजिएन्सिस. शॉर्टकटमध्ये बीटी. मुक्काम पोस्ट माती. १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला. म्हणजे साहेबांची एन्ट्रीच मुळी व्हिलन म्हणून! पुढे जर्मनीत पिठातल्या अळीतही तो मिळाला आणि तिथल्या थुरिंजिया प्रांताचं नाव त्याला चिकटलं.

काम सिम्पल. हा बॅक्टेरिया प्रथिनाचे स्फटिक बनवतो. अळीने पानाबरोबर ते खाल्ले की तिच्या अल्कधर्मी पोटात विरघळतात आणि आतड्याला भोकं पाडतात. अळीचं खाणं बंद, दोन-तीन दिवसांत खेळ खल्लास. आपल्या पोटात ॲसिड, शिवाय त्या प्रथिनाला चिकटायला जागाच नाही. त्यामुळे आपण सेफ.

एवढं प्रेझेंटेशन दिल्यावर काकांनी एकच प्रश्न विचारला, ‘म्हणजे अळीने खाल्लं तरच ना?’

बोलती बंद! कारण खोडकिड्याची अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात खोडात शिरते. एकदा आत गेली की बाहेरची फवारणी फुकट. तपकिरी तुडतुडे तर सोंड खुपसून रस पितात, पानावरचं खातच नाहीत. उरली पानं गुंडाळणारी अळी. तीही लहान असतानाच गाठायची. आणि उन्हात बीटी लवकर निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी.

अर्ध्या शेतावर ट्रायल ठरली. मास्क, हातमोजे वगैरे काकूने स्वतः तपासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकांचा फोन, ‘सगळ्या जिवंत आहेत तुझ्या अळ्या!’ मी उशीत तोंड खुपसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन, ‘अरे, काळ्या पडून लोंबतायत.’ आवाजातला आनंद काही लपत नव्हता.

ऑल इज वेल? नाही. खोडकिड्याने डाव साधलाच. काही लोंब्या पांढऱ्या, पोकळ निघाल्या. म्हणून यंदा लावणीआधी काकांनी रोपांचे शेंडे खुडले, कारण खोडकिड्याची अंडी तिथेच असतात. पतंगांवर नजर ठेवायला कामगंध सापळेही लावले. बॅक्टेरिया हा टीममधला एक मेंबर, अख्खी टीम नव्हे, हे काकांना माझ्याआधी कळलं.

पंप अजून घरातच आहे. काकू त्याच्याकडे आता रागाने बघत नाही. परवा काकांचा मेसेज आला, ‘पानं गुंडाळायला लागलीत. तुझी इव्हिनिंग शिफ्ट कधी?’