हार, नारळ आणि कॅमेरा

संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून पुणे-सोलापूर रस्त्याने यवतला येते, तेव्हा आमच्या गावात घरोघरी चुली पेटलेल्या असतात. काळभैरवनाथाच्या देवळात पिठल्याची मोठमोठी पातेली चढतात आणि घराघरांतून भाकऱ्यांच्या चवडी येऊ लागतात. वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालायची ही यवतची जुनी रीत आहे. काही वर्षांपूर्वी याच दिवशी मी एका आजींच्या चुलीपुढे कॅमेरा लावून बसलो होतो. दारात उभे राहून बघणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले, "कोणत्या चॅनेलचं?" मी म्हटले, "चॅनेलचं नाही, माझंच." "मग पैसे कोण देतं?" "कोणी नाही." "मग तुमचं भागतं कसं?"

"चाललंय," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही सोडून जात नाही. माझ्यासारख्या, कोणत्याही कंपनीच्या वा वाहिनीच्या नोकरीत नसलेल्या आणि जाहिरातपट, माहितीपट करून जगणाऱ्या माणसाचे भागते कसे, हा वरवर पाहता त्याचा घरगुती प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की तो तेवढा घरगुती नाही. पडद्यावर कोण दिसणार आणि कोण कधीच दिसणार नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

आधी हिशेब सांगतो. वर्षाकाठी दहा-बारा कामे मिळाली तर वर्ष बरे गेले म्हणायचे. त्यात ठिबक सिंचनाची किंवा बियाण्याची एखादी जाहिरात असते, एखाद्या पतसंस्थेचा परिचयपट असतो, कारखान्यातल्या कामगारांना सुरक्षिततेचे नियम शिकवणारी वीस मिनिटांची फिल्म असते आणि हंगामात दोन-चार लग्नेही असतात. लोकांना वाटते हा माणूस सदा कॅमेऱ्यामागे असतो. प्रत्यक्षात चित्रीकरणाचे दिवस बोटावर मोजण्याइतके. बाकीचे दिवस दरपत्रके पाठवण्यात, ती कमी करून पुन्हा पाठवण्यात, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे ऐकण्यात आणि झालेल्या कामाच्या पैशांसाठी खेटे घालण्यात जातात. बिल दिले की जीएसटी भरायची मुदत येते, पैसे येवोत न येवोत. कॅमेऱ्याचे हप्ते वेगळेच. यातून जे उरते त्यावर मी पालखी, गुऱ्हाळ, आटलेल्या विहिरी यांचे चित्रण करतो. म्हणजे बियाण्याची जाहिरात वारीचा खर्च उचलते.

यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. या धंद्याचा पाया आपल्याच माणसांनी घातला आणि तो व्यवहाराच्या जमिनीतच घातला. सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, हे मुंबईतले छायाचित्रकार आणि दुकानदार. परदेशातून कॅमेरा मागवून त्यांनी 1899 साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि 1901 साली रँग्लर परांजपे मायदेशी परतले तो प्रसंगही टिपला. देशातले पहिले माहितीपट म्हणतात ते हेच. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि भांडवल उभे करण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर दाखवली. पुढे त्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावरही फिल्म केली. श्याम बेनेगल यांनी शेकडो जाहिरातपट केल्यानंतर 1974 साली त्यांचा 'अंकुर' आला, तोही जाहिरातपटांचे वितरण करणाऱ्या ब्लेझ या संस्थेच्या पैशांवर. तेव्हा साबण विकणारा कॅमेरा माणसाकडे बघू शकत नाही, हा समज खरा नाही.

मग दुखणे कुठे आहे? ते आहे 'गौरवपटा'त. हा शब्द माझा. वस्तूची जाहिरात निदान जाहिरात म्हणून येते. गौरवपट येतो तो माहितीपटाचे सोंग घेऊन. आमचा भाग उसाचा, दुधाचा, सहकाराचा. संस्था जुन्या झाल्या. रौप्यमहोत्सव आले, सुवर्णमहोत्सव आले. प्रत्येकीला फिल्म हवी. अशाच एका संस्थेचे काम काही वर्षांपूर्वी मी घेतले. संहितेची सुरुवात होती पहाटे कामावर येणाऱ्या माणसांपासून, आणि ती मंजूरही झाली होती. संकलनाच्या टेबलावर मात्र एकेक सूचना येऊ लागली. अमुक संचालक दिसत नाहीत. तमुक उद्घाटनाची फीत घ्या. कामगारांचे जरा जास्त होते आहे. अठ्ठावीस मिनिटांच्या फिल्ममध्ये अखेर हार, नारळ, फीत आणि भाषणे उरली. पहाटे येणारी माणसे उरली अकरा सेकंद, तीही नावावाचून. शेवटचा हप्ता मिळायला तेरा महिने लागले. तक्रार पैशांची नाही, तो या धंद्याचा नित्याचा अनुभव आहे. तक्रार अशी की पन्नास वर्षांनी कोणी आमच्या भागाचा इतिहास चित्रात शोधू लागला, तर त्याला इथे फक्त सत्कार झाले असे वाटेल.

माझ्या घरातल्या कपाटात दुसरा इतिहास पडून आहे. त्यात एका गुऱ्हाळाचे तीन हंगामांचे चित्रण आहे. काहिलीतला रस उकळताना भेंडीचे पाणी टाकून मळी काढणारा, पाकाचा एक थेंब पाण्यात सोडून तो उतरवायची वेळ बोटांनी ओळखणारा गुळव्या त्यात आहे. दिवसभर चुलवाणात चिपाडे सारणारा आणि धुराने डोळे लाल झालेला माणूस आहे. आता या कामावर उत्तरेकडून आलेले कारागीरही दिसतात आणि हाताचे जुने कसब हळूहळू जाते आहे. या चित्रणाला गिऱ्हाईक नाही. सुरुवातीच्या टेप्सना बुरशी धरली, त्या चालवणारी यंत्रे मिळत नाहीत आणि त्यांतले निम्मेच हार्ड डिस्कवर उतरवून झाले आहे.

यावर नेहमी उत्तर मिळते की हे सरकारचे काम. सरकारने ते केलेही. 1948 साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि कित्येक पिढ्यांनी चित्रपटाआधी तिचे अनुबोधपट पाहिले. त्यांत उत्तम कामे आहेत. पण पैसे देणारे सरकार असल्यामुळे धरणाची भिंत जितकी दिसली तितकी धरणाने उठलेली गावे दिसली नाहीत. आता तर ही संस्था 2022 साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. दुसरी वाट आनंद पटवर्धनांची. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी गोळीबार झाला, दहा माणसे गेली आणि शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. तेव्हा हाती घेतलेला 'जय भीम कॉम्रेड' 2011 साली पुरा झाला. चौदा वर्षे! 'फादर, सन अँड होली वॉर' दूरदर्शनवर दाखवण्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल लागला 2006 साली, म्हणजे चित्रपट झाल्यावर दहाहून अधिक वर्षांनी. पुण्यात सुमित्रा भावे यांनी चित्रपटाचे शिक्षण नसताना, समाजशास्त्राच्या अभ्यासातून 1985 साली 'बाई' केला आणि वस्तीतल्या एका स्त्रीचे जगणे राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत नेले. ही माणसे मोठी. पण एखादी गोष्ट असामान्य चिकाटी असलेल्यांनाच साधत असेल, तर व्यवस्थेत खोट आहे असेच म्हणावे लागेल.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तुमची गरज काय? चित्रण स्वस्त झाले, हे खरेच आहे आणि चांगलेही आहे. पण एकाच गुऱ्हाळावर तीन हंगाम जाऊन बसण्याचा वेळ स्वस्त झालेला नाही. त्या माणसाने कॅमेरा विसरून बोलू लागेपर्यंत थांबणे, शंभर तासांतून एक तास निवडणे आणि त्या निवडीची जबाबदारी आपल्या नावावर घेणे, हे काम आजही माणसाचेच आहे आणि त्या माणसाला महिन्याचा किराणा भरायचा असतो.

तेव्हा मला सुचते ते सांगतो. पहिली गोष्ट संस्थांसाठी. आपल्या महोत्सवाचा गौरवपट जरूर करा, पण त्याच खर्चातला चौथा हिस्सा अशा फिल्मसाठी बाजूला ठेवा, जिच्यात एकही संचालक दिसणार नाही. सभासद, कामगार, पाणीवाटपाचे भांडण, बुडालेले पीक यांतले काहीही तिच्यात चालेल. विषय तुम्ही सुचवा, कात्री मात्र करणाऱ्याच्या हाती राहू द्या. दुसरी गोष्ट, कामाचे पैसे ठरल्या दिवशी द्या. आणि तिसरी, त्या फिल्मची एक प्रत गावाच्या वाचनालयात वा शाळेत राहील, एवढे पाहा.

उरलेली गोष्ट आपणा सर्वांसाठी. फाळक्यांनी ज्याच्यावर फिल्म केली तो तळेगावचा काच कारखाना पैसा फंडाचा होता. माणशी एक पैसा गोळा करून अंताजी दामोदर काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1908 साली उभा केला. गुजरातेतल्या पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले आणि 1976 साली बेनेगलांचा 'मंथन' झाला. आपल्या कथेचे मालक तेच झाले. यात अशक्य असे काय आहे? आमच्या गावाला तर हे शिकवायलाही नको. एका घराला साऱ्या पालखीला जेवू घालता येणार नाही, हे यवतला ठाऊक आहे. म्हणून तर प्रत्येक घर आपल्याला झेपतील तेवढ्या भाकऱ्या देते.

त्या आजींची फिल्म पुढच्या वर्षी आम्ही चादर बांधून गल्लीतच दाखवली. सारे बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "करपलेली भाकर कशाला रं दाखवलीस? ती मी बाजूला ठिवली हुती." लोक हसले. गौरवपटात ती भाकरी पहिल्यांदा गेली असती. दारातले ते गृहस्थही आले होते. या खेपेस त्यांनी पैशांचे विचारले नाही. पुढच्या वेळी विचारतील, तेव्हा 'गावाने दिले' असे मला त्यांना सांगता यावे, एवढीच इच्छा आहे.