नांदेड-लातूरहून युरोप: पैसे जमले तरी व्हिसा का अडतो?

मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो, शाळांना सुट्ट्या लागतात आणि इन्स्टाग्रामवर आयफेल टॉवर, रोमचं कोलोसियम, आल्प्समधला बर्फ असे फोटो दिसू लागतात. त्यात आता पुण्या-मुंबईसोबत मराठवाड्यातले चेहरेही असतात. कुणी लातूरचे डॉक्टर, कुणी क्लास चालवणारे, कुणी मोंढ्यातले व्यापारी, तर कुणी अर्धापूरकडचे केळी बागायतदार.

पण सहलीचे पैसे भरले म्हणजे युरोप पक्का झाला, असं नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून जास्त अर्ज गेले. त्यापैकी सुमारे १ लाख ६५ हजार अर्ज नाकारले गेले. म्हणजे साधारण सातातला एक.

नांदेड-लातूरसारख्या भागातल्या अर्जदाराची अडचण अनेकदा पैशांची नसते, कागदांची असते. ती कशी, हे समजून घेऊ.

शेंगेन व्हिसा म्हणजे काय?

फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, जर्मनी यांच्यासह युरोपातल्या २९ देशांत या एकाच व्हिसावर फिरता येतं. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ब्रिटन आणि आयर्लंड यात येत नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा.

११ जून २०२४ पासून मोठ्यांसाठी फी ९० युरो झाली. ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ती ४५ युरो आहे. आई-वडील आणि या वयाची दोन मुलं असतील तर २७० युरो झाले. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी हे २७ हजार रुपये. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क आणि विमा वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

अधिकारी नेमकं काय तपासतात?

प्रश्न तीनच असतात. तुम्ही खरंच फिरायला निघाला आहात का? खर्च झेपेल का? आणि मुदत संपण्याआधी घरी परताल का?

पुण्यातल्या नोकरदाराकडे या प्रश्नांची उत्तरं तयार असतात. पगाराच्या स्लिप, फॉर्म १६, कंपनीचं रजेचं पत्र, दर महिन्याला खात्यात जमा होणारा पगार. अहमदपूर किंवा भोकरच्या शेतकऱ्याची वर्षाची कमाई तेवढीच असली, तरी ती अशी दिसत नाही.

सोयाबीन ऑक्टोबरपासून बाजारात येतं, तूर जानेवारीच्या सुमारास. पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो आणि त्यातला काही रोखीत फिरतो. बरीचशी संपत्ती जमीन आणि सोन्यात असते. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने अनेक जण रिटर्नच भरत नाहीत. जमीन वडिलांच्या नावावर, खातं मुलाचं आणि प्रवासाला निघाली सून-नातवंडं, असंही होतं. गावात ज्याची पत सगळ्यांना माहीत आहे, त्याची फाइल अधिकाऱ्याला कोरी वाटू शकते.

त्यात निसर्गाची भर. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीन पाण्यात गेलं. अशा वर्षी बहुतेक घरांत युरोपचा विषयही निघत नाही. ज्यांची ऐपत टिकते, त्यांच्याही खात्यातल्या नोंदी त्या वर्षी विरळ दिसतात.

मग काय करता येईल?

१. पट्टी जपून ठेवा. आडतीवर माल विकल्याची पट्टी आणि त्याच रकमेची बँकेतली नोंद एकमेकांशी जुळली, तर उत्पन्न कुठून आलं हे सिद्ध होतं. शक्य तिथे पैसे खात्यातच घ्या.

२. रिटर्न भरा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्नमध्ये दाखवता येतं. दुसरा फायदा टीसीएसचा. परदेशी टूर पॅकेजवर हा कर आधीच कापला जातो. दर बजेटमध्ये बदलत आले आहेत, त्यामुळे बुकिंगच्या वेळचा दर विचारून घ्या. ही रक्कम तुमच्या करात वळती होते किंवा परत मिळते, पण त्यासाठीही रिटर्न भरावं लागतं.

३. ऐनवेळी मोठी रक्कम भरू नका. नातेवाइकांकडून पाच लाख आणून अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात टाकले, तर शंका कमी होण्याऐवजी वाढते.

४. सातबारा जोडा. सातबारा आणि ८-अ हे गावाशी असलेल्या नात्याचे चांगले पुरावे आहेत. सोबत इंग्रजी अनुवाद द्या. खर्च वडील करणार असतील तर त्यांचं पत्र आणि नात्याचा पुरावा हवा.

५. नाव तपासा. पासपोर्टवर ‘गोविंदराव’, आधारवर ‘गोविंद’, सातबारावर आणखी काही. आपल्याकडे हे घरोघरी सापडतं. लग्नानंतर बदललेल्या नावांचंही तेच. अर्जाआधी सगळीकडे एकच नाव करून घ्या.

तारखांचं गणित

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही वेळा ४५ दिवसांपर्यंत. उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट लवकर भरतात. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार, तिथे.

बोटांचे ठसे द्यायला १२ वर्षांवरच्या सगळ्यांना स्वतः जावं लागतं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. केंद्रं मात्र मोठ्या शहरांत आहेत. ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून मुंबईला वंदे भारत धावते, त्यामुळे प्रवास थोडा सोपा झाला. नांदेड, देगलूर, उदगीरला हैदराबाद जवळ पडतं, पण काही देश राहत्या राज्यानुसार अर्ज घेतात. आधी विचारूनच तिकीट काढा.

नाकारला तर?

नकार म्हणजे बंदी नव्हे. नकाराच्या पत्रात कारण दिलेलं असतं. अपील करता येतं किंवा ती उणीव भरून नवा अर्ज करता येतो. आधीचा नकार लपवू नका, त्याची नोंद पाच वर्षं राहते.

दुसरी बाजूही आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम थोडे सैल झालेत. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमाने वापरले, तर पुढे दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो.

ही पद्धत महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून बनली आहे. हंगामावर चालणारं घर तिच्या चौकटीत सहज बसत नाही. तो नियम नांदेड-लातूरहून बदलता येणार नाही, तयारी मात्र लवकर सुरू करता येईल. पुढच्या मे महिन्यात आल्प्स बघायचा असेल, तर फाइल या दिवाळीतच उघडा, सोयाबीनची पट्टी हातात पडते तेव्हा.