‘फक्त ठेव ना’ म्हणणारा दोस्त

रिद्धपूरहून रोज अमरावतीला कॉलेजला जाणाऱ्या आपल्याला वाटतं, एमडी म्हणजे मुंबई-पुण्याच्या पबमधली भानगड. पण २०२३ मध्ये एमडीचे कारखाने सापडले ते नाशिकजवळच्या शिंदे गावात अन् सोलापूरच्या चिंचोली एमआयडीसीत. २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभला. तिथे कुठले आलेत पब?

एमडी म्हणजे मेफेड्रोन. नशा दोन-तीन तासांत उतरते, म्हणून त्याच रात्री परत घ्यावीशी वाटते. छाती धडधडते, बीपी वाढतो, अंग तापतं, झोप उडते. पुढे पुढे तर घरच्यांवरही संशय यायला लागतो.

२०१५ पासून एमडी एनडीपीएस कायद्यात आहे. २ ग्रॅमच्या आत सापडली तर वर्षभरापर्यंत कैद. त्याच्या वर गेली की दहा वर्षांपर्यंत. ५० ग्रॅमच्या पुढे किमान दहा वर्षं! चमचाभर साखरच चार-पाच ग्रॅम भरते, आता बघा. ‘माझी नाही, दोस्तानं ठेवायला दिली’ म्हणाल, तर ते कोर्टात तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

मला राग येतो तो पोस्टर लावून मोकळं होणाऱ्या कॉलेजांचा. कलम ६४अ कोणी सांगतच नाही. व्यसनात अडकलेल्यानं स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर सेवनासाठी किंवा थोड्या मालासाठी त्याच्यावर खटला चालत नाही.

रूममेट तापला, बरळायला लागला, तर पोलिसांच्या भीतीनं त्याला खोलीत झोपवून ठेवू नका. १०८ लावा. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, आत्ताच सेव्ह करा.